रेडिओत मंद क्वेसारांचा रेडिओ सिग्नल नेमका येतो कुठून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वेसार म्हणजे काय, आधी थोडक्यात सांगा ना

दीर्घिकेच्या मधोमध लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर बसलेलं असतं, त्यात गॅस पडायला लागला की तो सरळ आत जात नाही, गोल फिरत फिरत त्याची तबकडी होते, ती तबकडी प्रचंड तापते आणि इतकी उजळते की अख्खी दीर्घिका तिच्यापुढे फिकी पडते. हा झगमगाट म्हणजे क्वेसार. लांबून नुसता ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. कृष्णविवर स्वतः काही प्रकाश देत नाही, जे काय येतं ते त्याच्या आजूबाजूचं, आणि या पानावरचा सगळा वाद म्हणजे हे आजूबाजूचं नक्की किती लांबचं, एवढाच.

क्वेसार तर रेडिओमुळेच सापडले होते ना? मग रेडिओत मंद असलेले कुठून आले?

हो, सुरुवात रेडिओनेच झाली. केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतला २७३ नंबरचा सोर्स, थ्री सी २७३, १९६२ मध्ये चंद्राआड जात असताना ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स टेलिस्कोपने टिपला, चंद्राची कड नेमक्या कुठल्या क्षणी सिग्नल कापते त्यावरून त्याची जागा पक्की झाली, आणि १९६३ ला मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या. रेडशिफ्ट, म्हणजे विश्व पसरतंय म्हणून या रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं माप, ०.१५८, आणि हा आकडा जितका मोठा तितका सोर्स लांब. म्हणजे दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडचा. तारा वाटत होता तो हा.

पण दोनच वर्षांत, १९६५ ला, ॲलन सँडेज यांनी दाखवून दिलं की असेच निळे ठिपके रेडिओत काही न दाखवणारेही आहेत आणि भरपूर आहेत. त्यांनी काढलेली संख्या जरा जास्तच होती, त्यातले बरेच ठिपके पुढे आपल्याच आकाशगंगेतले तारे निघाले, पण मूळ मुद्दा टिकला. आजचा ढोबळ हिशोब असा की दहातला एखादा क्वेसार रेडिओ-लाउड (रेडिओत भडक) आणि बाकीचे नऊ रेडिओ-क्वाएट (रेडिओत मंद), म्हणजे ज्यांच्यामुळे शोध लागला तेच अपवाद निघाले.

किती मंद म्हणजे मंद? रेघ कुठे मारतात?

दोन पद्धती आहेत आणि दोन्हीत कटकट आहे.

पहिली गुणोत्तराची. ५ गिगाहर्ट्झला रेडिओ फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा सिग्नल, किती आणि ४४०० अँगस्ट्रॉमच्या निळ्या प्रकाशात किती, यांचा भागाकार. तो १० च्या वर गेला तर लाउड, खाली तर क्वाएट. ही पद्धत रुळली ती मुख्यतः १९८९ च्या केलरमन आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे, त्यांनी पालोमार-ग्रीन यादीतले ११४ क्वेसार अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ टेलिस्कोपने ५ गिगाहर्ट्झला बघितले होते आणि आजही पीजी क्वेसार म्हटलं की त्याच यादीतले समजायचे.

दुसरी सरळ रेडिओ पॉवरची. साधारण १० चा २४ वा घात वॉट प्रति हर्ट्झ, किंवा काही जणांच्या मते त्याच्या दहापट, इथे रेघ.

भागाकाराची गंमत अशी की त्यात खाली निळा प्रकाश आहे, आणि क्वेसारसमोर धूळ आली तर निळा प्रकाश दबतो, रेडिओला धुळीने काही फरक पडत नाही, मग गुणोत्तर आपोआप फुगतं आणि एखादा साधा क्वाएट क्वेसार कागदावर लाउड होऊन बसतो. म्हणून एखाद्या पेपरात नुसतं 'रेडिओ-क्वाएट' लिहिलेलं दिसलं तर कुठली व्याख्या घेतलीय ते आधी शोधा, नाहीतर दोन पेपरांचे निकाल उगाच एकमेकांना लावत बसाल.

आकड्यात सांगा, आपल्याकडे येणारा सिग्नल किती कमी असतो?

रेडिओत माप जान्स्कीमध्ये. १ जान्स्की म्हणजे १० चा उणे २६ वा घात वॉट, प्रति चौरस मीटर, प्रति हर्ट्झ, म्हणजे आधीच अगदीच किरकोळ. थ्री सी २७३ काही दहा जान्स्की देतो. रेडिओ-क्वाएट क्वेसार बहुतेक वेळा एक मिलिजान्स्कीच्याही खाली, लांबचे तर मायक्रोजान्स्कीत. म्हणजे दहा हजारपट ते कोटीपट कमी. पण शून्य नाही! लोक इथेच गडबडतात, रेडिओत दिसला नाही म्हणजे रेडिओ नाहीच असं धरून चालतात.

पण वैयक्तिक क्वेसार दिसतच नसेल तर तो शून्य नाही हे कशावरून?

स्टॅकिंगवरून. व्हीएलएने १९९३ पासून फर्स्ट नावाचा सर्व्हे केला, १.४ गिगाहर्ट्झ, त्यात साधारण १ मिलिजान्स्कीच्या वरचेच सोर्स यादीत येतात आणि ऑप्टिकल सर्व्हेतल्या क्वेसारांपैकी दहाएक टक्केच त्यात सापडतात. बाकीच्यांच्या जागी नुसता नॉइज. पण त्या जागा आपल्याला पक्क्या माहीत आहेत ना, तर प्रत्येक क्वेसारच्या जागेभोवतीचा छोटा चौकोन कापायचा, सगळे चौकोन एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढायचा. नॉइज वाट्टेल तसा वरखाली असतो त्यामुळे तो वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, दहा हजार चौकोन घेतले की नॉइज शंभरपट खाली, आणि फर्स्टचा मुळातला नॉइज १५० मायक्रोजान्स्कीच्या आसपास, म्हणजे तो थेट दीड मायक्रोजान्स्कीवर. सिग्नल मात्र सगळ्यांचा मधोमधच असतो, तो टिकून राहतो आणि चित्राच्या मध्यभागी स्वच्छ ठिपका उगवतो.

२००७ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चाळीस हजारांहून जास्त क्वेसारांवर हेच केलं आणि रेडिओत अजिबात न दिसणाऱ्यांचाही सरासरी सिग्नल काढून दाखवला. सरासरीऐवजी मध्यक का, तर त्या ढिगात एक जरी भडक लाउड क्वेसार आला तर सरासरी त्याच्याच मागे धावते, मध्यकाला त्याची फिकीर नसते. त्यांना अजून एक गोष्ट लक्षात आली, फर्स्टच्या चित्रात थ्रेशोल्डखालच्या सोर्सचा फ्लक्स मुळातच कमी मोजला जातो, इमेज साफ करण्याची प्रक्रिया त्यांच्यापर्यंत पोचतच नाही म्हणून, तर स्टॅक केलेला आकडा साधारण १.४ ने गुणावा लागतो. असल्या बारक्या दुरुस्त्या कोणी वाचत नाही पण निष्कर्ष बऱ्याचदा यावरच उभा असतो. स्टॅकिंगची मर्यादाही सांगून ठेवतो, मिळतो तो गटाचा आकडा, त्यातला एकेक क्वेसार कसा आहे ते त्यातून कळत नाही.

मग हा सिग्नल येतो कुठून?

संशयित चार. दीर्घिकेत नवे तारे जन्मतायत त्यांचा, कृष्णविवराच्या अगदी जवळून निघालेले छोटे कमजोर जेट (प्रचंड वेगाने सुटलेले प्लाझ्माचे झोत), क्वेसारच्या जोरदार वाऱ्याने गॅसवर बसलेले धक्के, आणि तबकडीच्या अगदी जवळचा तप्त कोरोना. लाउड क्वेसारमध्ये हा प्रश्नच येत नाही कारण तिथे एक भलामोठा जेट सगळ्यांना झाकून टाकतो. चौघांचाही रेडिओ बहुतांश सिंक्रोट्रॉनच, म्हणजे प्रकाशाच्या जवळपास वेगाने पळणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात, त्यामुळे नुसता सिग्नल बघून कुणाचा ते सांगता येत नाही. गोची तीच आहे.

ताऱ्यांचा आणि रेडिओचा काय संबंध? तारे तर प्रकाश देतात

संबंध मरणाऱ्या ताऱ्यांशी. सूर्याच्या आठपटीहून जड तारे काही कोटी वर्षांतच सुपरनोव्हा होऊन फुटतात, त्या स्फोटाच्या धक्क्यात इलेक्ट्रॉन वेग पकडतात, दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्रात भटकत राहतात आणि रेडिओ देतात. जितके नवे तारे तितके जड तारे, तितके स्फोट, तितका रेडिओ. आणि तेच जड तारे धूळ तापवतात, ती धूळ दूर-अवरक्तात चमकते, त्यामुळे साध्या दीर्घिकांमध्ये अवरक्त आणि रेडिओ यांचं नातं इतकं घट्ट बसतं की एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो.

अंदाजासाठी एक आकडा घ्या, वर्षाला शंभर सूर्यांएवढे तारे बनवणारी दीर्घिका १.४ गिगाहर्ट्झला साधारण १० चा २३ वा घात वॉट प्रति हर्ट्झच्या घरात रेडिओ देते. आपली आकाशगंगा वर्षाला जेमतेम एक-दोन सूर्य बनवते. म्हणजे रेडिओ-क्वाएट क्वेसारचा रेडिओ ताऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा अजिबात नाही, फक्त दीर्घिका कामाला जुंपलेली हवी.

मग ताऱ्यांचाच म्हणायचा ना? विषय संपला?

नाही संपला, आणि इथून पुढेच खरी भांडणं सुरू होतात.

ताऱ्यांच्या बाजूने मोठा पुरावा आला २०११ मध्ये. किम्बल आणि सहकाऱ्यांनी ०.२ ते ०.३ रेडशिफ्टमधले १७९ क्वेसार नव्याने सुधारलेल्या व्हीएलएने ६ गिगाहर्ट्झला बघितले. हा नमुना ऑप्टिकलवरून निवडलेला, रेडिओत दिसतो की नाही हे निवडताना बघितलंच नव्हतं, आणि संवेदनशीलता इतकी चांगली की जवळपास सगळेच्या सगळे सापडले. मग त्यांची रेडिओ पॉवर मांडली तर दोन ढीग दिसले, वरचा पसरट, लाउडवाल्यांचा, आणि खाली १० च्या २३ व्या घाताच्या अलीकडे वेगळा उंचवटा, अगदी तारे बनवणाऱ्या दीर्घिका जिथे असायला पाहिजेत तिथेच.

मग २०१६ ला झकाम्स्का आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने हिशोब केला, क्वेसारांच्या यजमान दीर्घिकांमध्ये तारे किती बनतायत ते अवरक्तातून मोजलं, त्यावरून किती रेडिओ यायला हवा ते काढलं, आणि ते प्रत्यक्ष रेडिओच्या जवळपास दहापट कमी भरलं. २०१७ ला दुसऱ्या एका गटाने रेडशिफ्ट १ च्या आसपासच्या ७० क्वेसारांवर हर्शेल या अवकाश दुर्बिणीचा अवरक्त डेटा आणि व्हीएलए दोन्ही वापरून सांगितलं की सरासरीने ८० टक्के रेडिओ कृष्णविवराच्या कारभारातून येतो, ताऱ्यांचा नाही.

म्हणजे एकाच प्रश्नाला दोन सरळ विरुद्ध उत्तरं, आणि दोन्ही बाजूंची माणसं आपलं काम नीट जाणणारी. माझ्या मते यात कुणीच फारसं चुकलेलं नाही. नमुने वेगळे, क्वेसारांची तेजस्विता वेगळी, काळ वेगळा. क्वेसार जितका जास्त तेजस्वी तितका मध्यभागाचा वाटा वाढत जातो आणि मंद क्वेसारमध्ये यजमान दीर्घिका भाव खाऊन जाते, असं धरलं तर बरेचसे निकाल एकमेकांशेजारी बसतात.

छोटे जेट खरंच असतात का, की नुसती थिअरी?

असतात, फोटो आहेत. १९९८ मध्ये ब्लंडेल आणि बीझ्ली यांनी खंडभर पसरलेल्या व्हीएलबीए जाळ्याने काही रेडिओ-क्वाएट क्वेसार बघितले आणि बऱ्याच ठिकाणी मध्यभागी अतिशय लहान आणि प्रखर ठिपके सापडले, इतके प्रखर की ताऱ्यांना ते जमणारच नाही.

पण मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एचएस ०८१०+२५५४. हा रेडशिफ्ट १.५१ चा क्वेसार, आणि त्याच्या बरोबर समोर एक दुसरी दीर्घिका आलेली आहे, तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि आपल्याला एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात, त्याही मोठ्या आणि उजळ झालेल्या. फुकटची लेन्स! २०१९ मध्ये हार्टले आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या व्हीएलबीआय जाळ्याने (दूरदूरच्या अँटेना जोडून बारीक नजर मिळवायचं तंत्र) या चारही प्रतिमा बघितल्या, लेन्सचा परिणाम हिशोबातून काढून टाकला, आणि मूळ सोर्समध्ये क्वेसारच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा प्रखर ठिपका निघाला. दोन्ही बाजूंना, म्हणजे जेटची जोडी. लेन्स नसती तर या क्वेसारचा एकूण फ्लक्स एक मायक्रोजान्स्कीही भरला नसता, आजच्या कुठल्याही व्हीएलबीआय जाळ्याला तो इतक्या बारकाईने दिसला नसता. इतका क्षीण आणि तरी आत जेट. एका उदाहरणावरून सगळ्या जातीचं भविष्य सांगू नये हे कबूल, पण 'इतक्या मंद सोर्समध्ये जेट कसला असणार' हा युक्तिवाद मात्र त्या दिवसापासून बाद झाला.

वारा रेडिओ कसा काय देतो?

वारा स्वतः नाही देत. क्वेसारच्या प्रकाशाच्या दाबाने आणि उष्णतेने गॅस सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर ढकलला जातो, तो दीर्घिकेतल्या निवांत गॅसवर जाऊन आदळतो, शॉक तयार होतो, आणि शॉकमध्ये इलेक्ट्रॉनला वेग मिळतो, अगदी सुपरनोव्हासारखंच पण मोठ्या प्रमाणात. २०१४ मध्ये झकाम्स्का आणि ग्रीन यांनी दाखवलं की आयनीभूत ऑक्सिजनची रेषा जितकी रुंद, म्हणजे गॅस जितका जोरात पळतोय, तितका रेडिओ जास्त, आणि हे रेडिओ-क्वाएट क्वेसारांमध्येच.

आता यात एक फट आहे. वाऱ्यामुळे रेडिओ, की छोट्या जेटने गॅसला ढोसल्यामुळे वारा आणि रेडिओ दोन्ही? टीकप नावाचा क्वेसार याचं बरोबर उदाहरण आहे. रेडशिफ्ट ०.०८५, गॅलॅक्सी झू प्रकल्पातल्या हौशी लोकांच्या नजरेला पडलेला, चमकत्या गॅसची कपाच्या कानासारखी कमान असलेला. रेडिओत बघितलं तर दोन्ही बाजूंना तीसेक हजार प्रकाशवर्षांचे फुगे. हा क्वेसार व्याख्येने रेडिओ-क्वाएट! आधी फुगे वाऱ्याचे की जेटचे यावर मतं विभागलेली होती, पुढे आतल्या भागाचा बारीक अभ्यास झाला तसा कल छोट्या जेटकडे झुकला, जेट गॅसच्या तबकडीत घुसून तिला ढवळतोय असं चित्र तयार झालं. जवळच्या ४२ क्वेसारांच्या एका सर्व्हेत दोन तृतीयांशांच्या आसपास सोर्समध्ये रेडिओ लांबवर पसरलेला दिसला, म्हणजे टीकप काही एकटा नाही.

कोरोना म्हणजे सूर्याचा असतो तसा?

कल्पना तीच. तबकडीच्या वर अतितप्त, चुंबकीय क्षेत्राने भरलेला प्लाझ्मा, ज्यातून क्वेसारचे क्ष-किरण येतात. २००८ मध्ये लाओर आणि बेहार यांनी पीजी क्वेसारांसाठी रेडिओ आणि क्ष-किरण पॉवरचं गुणोत्तर काढलं, ते आलं साधारण एक लाखात एक. आता बघा, चुंबकीय दृष्ट्या चळवळ्या ताऱ्यांच्या कोरोनातही हेच गुणोत्तर १९९३ पासून माहीत होतं. तारा कुठे आणि अब्जावधी सूर्यांचं कृष्णविवर कुठे, आणि प्रमाण तेच! योगायोग असू शकतो, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

कोरोनाची खरी परीक्षा कमी फ्रिक्वेन्सीवर होत नाही. इतक्या लहान जागेतून निघालेल्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी तिथल्या तिथेच गिळल्या जातात, बाहेर पडतात त्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या. म्हणून शंभर गिगाहर्ट्झच्या आसपास, मिलिमीटर तरंगलांबीत, बघायचं. तिथे बऱ्याच रेडिओ-क्वाएट सोर्समध्ये अपेक्षेपेक्षा जास्त सिग्नल मिळाला आहे, आणि सिग्नल इतका लहान जागेतून येतोय की प्रकाशाला ती पार करायला काही दिवसच लागावेत. चौघांपैकी हा संशयित सगळ्यात उशिरा चर्चेत आला, पण पुढच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काम यावरच होईल असं मला वाटतं.

एवढे टेलिस्कोप असून वाद का मिटत नाही?

कारण प्रत्येक टेलिस्कोप वेगळ्याच गोष्टी बघतो आणि मग आपण त्याच्या उत्तराला पूर्ण उत्तर समजतो.

हिशोब करून बघा. रेडशिफ्ट १ ला आकाशातला एक आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे साधारण २६ हजार प्रकाशवर्षं. फर्स्टची नजर पाच आर्कसेकंदांची. म्हणजे अख्खी दीर्घिका एका ठिपक्यात गडप, आतले तारे, जेट, वारा, कोरोना सगळ्यांची बेरीज होऊन एकच आकडा हातात. उलट व्हीएलबीआयची नजर मिलिआर्कसेकंदाची, पंचवीस-तीस प्रकाशवर्षांपर्यंत बारीक, पण ते जाळं पसरट सिग्नल दाखवतच नाही, दीर्घिकाभर विखुरलेला ताऱ्यांचा रेडिओ त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. म्हणजे व्हीएलबीआयवाल्याला ठिपकाच दिसणार आणि तो जेट किंवा कोरोना म्हणणार, ढोबळ सर्व्हेवाल्याला तारे दिसणार. हत्ती आणि सात आंधळे, दुसरं काय.

म्हणून 'रेडिओ-क्वाएट क्वेसारचा रेडिओ कुठून येतो' हा प्रश्न असा मोघम विचारूच नये. कुठल्या फ्रिक्वेन्सीला, किती बारीक नजरेने, आणि किती तेजस्वी क्वेसारचा, एवढं जोडलं की उत्तर बऱ्यापैकी सुटसुटीत होतं.

ब्राइटनेस टेंपरेचरचा उल्लेख सारखा येतो, ते काय?

सोर्सच्या पृष्ठभागाची प्रखरता केल्विनमध्ये सांगायची पद्धत, खरं तापमान नव्हे. उपयोग असा की तारे बनवणारी कितीही दाट जागा घेतली तरी ती एक लाख केल्विनच्या फार वर जात नाही. सोर्स लहान आणि आकडा कोटीत निघाला तर तारे बाद. आता लोफार या कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ टेलिस्कोपच्या युरोपभर पसरलेल्या अँटेना एकत्र वापरून कमी फ्रिक्वेन्सीलाही ०.३ आर्कसेकंदांपर्यंत नजर जाते, त्यामुळे ही चाचणी एका वेळी शेकडो सोर्सवर लावता येते, पूर्वी एकेकावर तासन् तास घालवावे लागायचे.

वर्णपटाचा उतार बघून कळत नाही का?

थोडंफार. फ्रिक्वेन्सी वाढली तसा सिग्नल झपाट्याने पडत गेला, उतार उणे ०.७ च्या आसपास, तर तो मोकळ्यावर पसरलेला सिंक्रोट्रॉन. सपाट असेल तर आतला लहान दाट सोर्स, किंवा तप्त गॅसमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनचा साधा रेडिओ, ज्याला फ्री-फ्री म्हणतात. पण तारे, वारा आणि जेटचा जुना पसरट भाग तिघांचाही उतार तोच, त्यामुळे नुसत्या उतारावर निकाल देऊ नका. अजून एक, दोन फ्रिक्वेन्सींचं निरीक्षण वेगवेगळ्या नजरेचं असेल तर उतार खोटा येतो, ही चूक छापील पेपरांतही दिसते.

लाउड आणि क्वाएट या दोन वेगळ्या जाती आहेत की एकाच पट्टीची दोन टोकं?

जुना वाद. त्यात पहिलं उत्तर आलं कृष्णविवराच्या गिरकीचं, ब्लँडफोर्ड आणि झ्नायेक यांनी १९७७ मध्ये एक यंत्रणा मांडली, तिच्यात फिरत्या कृष्णविवराची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून जेटला मिळते. मग लाउडवाले जोरात फिरणारे आणि क्वाएटवाले संथ, असं सोपं उत्तर बरीच वर्षं चाललं, पण नुसत्या गिरकीने भागत नाही, कृष्णविवराभोवती चुंबकीय क्षेत्र किती साचलंय यावरही भरपूर अवलंबून असतं.

पाओलो पाडोवानी यांनी २०१७ मध्ये सरळ सुचवलं की लाउड-क्वाएट सोडा, 'जोरदार जेट असलेले आणि नसलेले' अशी विभागणी करा. सूचना रास्त आहे, पण छोट्या जेटवाल्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न तसाच राहतो. फक्त बघण्याच्या कोनामुळे फरक पडतो असं मात्र नाही, कारण लाउडवाल्यांच्या लांबवरच्या रेडिओ ढगांना कोनाशी देणंघेणं नसतं, ते कुठूनही सारखेच दिसतात आणि क्वाएटवाल्यांकडे तेवढे मोठे ढग नसतातच.

क्वाएट क्वेसार मधेच लाउड होऊ शकतो का?

होतो. व्हीएलएचा नवा सर्व्हे, व्हीलास, २०१७ ला सुरू झाला. फर्स्टशी तुलना केल्यावर नायलँड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये २६ सोर्स दाखवले जे आधी फर्स्टमध्ये नव्हते आणि आता ठळक दिसतायत, एक-दोन दशकांत क्वाएटचे लाउड. बहुधा नुकतेच जन्मलेले जेट. म्हणजे तुमच्या कॅटलॉगमधला शिक्का कायमचा नाही.

लाल क्वेसारांचं काय प्रकरण आहे?

धुळीमुळे लालसर दिसणारे क्वेसार रेडिओत निळ्यांपेक्षा जास्त वेळा सापडतात, २०१९ मध्ये क्लिंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साधारण तिप्पट, आणि हा जास्तीचा सिग्नल लहान जागेतून येतो, मोठ्या जेटमधून नाही. गुणोत्तर फुगण्याची भानगड मी वर सांगितली, ती इथे वजा करूनही फरक उरतो. एक पटणारी कल्पना अशी की धुळीत गुंडाळलेला क्वेसार आजूबाजूचा गॅस झटकून टाकतोय, वारा किंवा छोटा जेट त्या गॅसवर आपटतोय, आणि तोच रेडिओ.

इतक्या क्षीण सिग्नलसाठी एवढी धडपड कशाला?

दीर्घिकांची वाढ थांबते का आणि कशी, याच्यासाठी. मोठ्या दीर्घिकांमध्ये तारे बनणं जिथे थांबायला हवं तिथे थांबवायला सिम्युलेशनवाल्यांना कृष्णविवराकडून ऊर्जा घ्यावीच लागते. लाउड क्वेसार दहातला एक, तो सगळ्यांचं काम करू शकत नाही. बाकीच्या नऊमध्ये जर छोटे जेट किंवा वारे दीर्घिकेतला गॅस ढवळत असतील तर तिथेच बरंचसं काम होतंय, आणि रेडिओला धूळ आड येत नसल्यामुळे ते बघायची सगळ्यात स्वच्छ खिडकी हीच. उलट रेडिओ नुसता ताऱ्यांचा असेल तर त्याच सिग्नलचा अर्थ बरोबर उलटा, तिथे तारे थांबलेले नाहीत, जोरात बनतायत.

सध्या कुठल्या टेलिस्कोपचा डेटा वापरतात?

कमी फ्रिक्वेन्सीला लोफार, त्याच्या १४४ मेगाहर्ट्झच्या सर्व्हेचा २०२२ चा डेटा खुला आहे आणि त्यात ४४ लाखांच्या आसपास सोर्स आहेत. मधल्या पट्ट्यात पुण्याजवळचा जीएमआरटी, ज्याने पीजी क्वेसार ६८५ मेगाहर्ट्झला बघितलेत, आणि दक्षिण आफ्रिकेतला मीरकॅट. वर व्हीएलए, बारीक नजरेसाठी व्हीएलबीए आणि युरोपचं जाळं, मिलिमीटरला चिलीतला आल्मा. पुढे एसकेए हा नवा अवाढव्य रेडिओ टेलिस्कोप येतोय, तो मायक्रोजान्स्कीच्या खालचे सोर्स स्टॅक न करता एकेक दाखवेल.

माझ्या यादीतला क्वेसार रेडिओ सर्व्हेत सापडत नाहीये, काय लिहू?

'रेडिओ नाही' असं लिहू नका. त्या जागी सर्व्हेचा नॉइज किती आहे ते बघा, त्याची तिप्पट किंवा पाचपट घ्या आणि ती वरची मर्यादा म्हणून द्या, फ्रिक्वेन्सी आणि बीमचा आकार, म्हणजे सर्व्हेची नजर किती बारीक ते, सोबत लिहा. मग त्या मर्यादेवरून गुणोत्तर काढा, ते १० च्या खाली आलं तर खुशाल क्वाएट म्हणा, पण लांबच्या आणि मंद क्वेसारसाठी मर्यादाच १० च्या वर जाते, तेव्हा तो लाउड की क्वाएट हे त्या सर्व्हेवरून ठरतच नाही आणि तसंच लिहायचं. आणि सर्व्हे कुठल्या वर्षाचा तेही टाका, त्या २६ सोर्सांची गोष्ट आठवतेय ना.